कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर, समोर बेफाम गाडी

वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : वकीलसाहेब, मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय ६४. साताऱ्याजवळच्या एका कॉलनीत राहतो. मळा लांब आहे, वीज रात्रीची येते, मोटार चालू करायला अवेळी एकट्याला जावं लागतं, म्हणून माझ्याकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी मळ्यातून परतत होतो. आमच्या गल्लीत एक मोठी काळी गाडी भरधाव शिरली, टोकाला जाऊन तशीच वेगात उलटी आली. भाजीवाल्या मावशींचा हातगाडा उडवला, एक स्कूटर चिरडली. पोरं क्रिकेट खेळत होती, ती कुंपणाच्या भिंतींवर चढली म्हणून वाचली. माझा हात कमरेकडे गेला, पण शस्त्र काढलं नाही. गाडी पुन्हा एक चक्कर मारून निघून गेली. नंबर मी पाहिला आहे. चालवणारा पोरगा ओळखीचा, वडील वजनदार. आता शेजारी म्हणतात, ‘सुभेदार, दोन राऊंड हवेत काढले असते तर पोरगं जागेवर बसलं असतं.’ मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मी टायरवर किंवा हवेत गोळी झाडली असती तर चाललं असतं का? मी त्याला पकडून ठेवू शकलो असतो का? आणि मी साक्षीदार झालो तर माझ्या परवान्यावर गदा येईल का?
— एक निवृत्त सुभेदार

उत्तर : सुभेदारसाहेब, शस्त्र काढलं नाहीत हे योग्यच केलंत. शेजारी काही म्हणोत, त्याची रुखरुख बाळगू नका. पण ते योग्य का, हे नीट समजून घ्या. कारण अशी वेळ पुन्हा आली तर कायदा आठवत बसायला सवड नसेल.

आधी तुमच्या बाजूचं. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३५ प्रमाणे हा हक्क फक्त स्वतःच्या जिवापुरता नाही, दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी तो वापरता येतो. गल्लीतली पोरं तुमची नव्हेत, तरी त्यांच्यासाठी तुम्ही उभे राहू शकता. कलम ३८ त्याहून पुढे जातं. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटायला लावणारा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही हा हक्क पोचतो. २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने किती बळ वापरलं, हे सोनाराच्या काट्यावर तोलू नये, हे त्यातलं एक. भित्र्यासारखं पळून जा, असं कायदा कोणालाही सांगत नाही.

मग अडचण कुठे आहे? ती ‘हल्ला’ या अटीत आहे. एखाद्याने माणूस हेरून त्याच्या अंगावर गाडी घातली, तर गाडी हे हत्यार झालं आणि तो हल्ला झाला. पण मस्तीत किंवा नशेत गाडी वेडीवाकडी पळवणारा पोरगा बहुतेक वेळा कोणावर हल्ला करत नसतो. माणसं मेली तरी त्याला पर्वा नसते, आणि ही बेपर्वाई गुन्हाच आहे. तरी कायद्यात तिची जागा वेगळी आहे. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा गाडीखाली जीव गेला. तिथे उच्च न्यायालयाने नुसता निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. म्हणजे बेफाम गाडी चालवणं त्या पातळीला जाऊ शकतं. पण चालकाला काय कळत होतं आणि काय नव्हतं हे ठरवायला तिथे तीन न्यायालयं आणि पाच वर्षांहून अधिक काळ लागला. गल्लीत उभ्या माणसाच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात तुम्ही ‘हा हल्लाच आहे’ असं ठरवून गोळी झाडली, तर ते खरं होतं हे दाखवण्याचा भार आरोपी म्हणून तुमच्यावर येतो. कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, हे कलम आधी लागतं. तुमचा बचाव त्यानंतर, खटल्यात ऐकला जातो.

आणखी दोन मर्यादा आहेत. कलम ३७ प्रमाणे पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजाही करता येत नाही. कलम ४० प्रमाणे धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो. गाडीने गल्लीचं तोंड गाठलं त्या क्षणी तुमचा हक्क संपला. पळणाऱ्या गाडीच्या मागून झाडलेली गोळी कोणत्याही न्यायालयात बचाव म्हणून टिकणार नाही. अशा प्रकरणांत माणसं अडकतात ती बहुधा याच शेवटच्या गोळीपायी. राग ओसरलेला नसतो, धोका मात्र सरलेला असतो.

आता टायरचं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर तोडते. तुमच्यासारख्या सराव असलेल्या माणसालाही शस्त्र काढून नेम धरायला दीड सेकंद लागला असं धरलं, तरी तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर सरकलेली असेल. गल्ली सिमेंटची, दोन्ही बाजूंना भिंती आणि भिंतींवर चढलेली पोरं. हुकलेली गोळी काँक्रीटवर आपटून कुठे उडेल याचा नेम नाही. आणि गोळी लागली तरी गाडी थांबत नाही. हवा गेलेल्या टायरवर ती पुढे जातच राहते, फक्त चालकाच्या ताब्यात राहत नाही. चालकालाच लागली तर दोन टन लोखंड बिनचालकाचं सुटतं. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने धावत्या वाहनांवर गोळीबार करायला आपल्याच शिपायांना १९७२ पासून मनाई केली आहे, ती अशाच कारणांनी.

हवेत गोळी झाडणं लोकांना निरुपद्रवी वाटतं. तसं ते नाही. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी पत्र्यावर किंवा डोक्यावर उतरते. लग्नाच्या वरातीत अशा गोळ्यांनी माणसं मेली, म्हणून २०१९ साली शस्त्र अधिनियमात कलम २५ चं पोटकलम ९ आलं. इतरांचा जीव धोक्यात येईल अशा बेदरकारपणे बंदूक वापरली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालाही ते लागू आहे. शस्त्र नुसतं उगारून दाखवणंही चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानात, झाकलेलं आणि स्वतःच्या पक्क्या ताब्यात हवं. ते उगारायला किंवा झाडायला बंदी आहे. शिवाय ‘जिवे मारीन’ अशा अर्थाने शस्त्र रोखलं तर गुन्हेगारी धाकदपटशाचं कलम ३५१ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हातगाडा उडवणाऱ्या पोराला बेदरकार वाहन चालवण्याबद्दल कलम २८१ खाली जास्तीत जास्त सहा महिने, आणि त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखणाऱ्या सुभेदाराला सात वर्षांचं कलम, हे तुम्हाला अन्यायाचं वाटेल. मलाही ते बोचतं. पण कायदा आज असा आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

पकडून ठेवण्याबद्दल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिकही एखाद्याला अटक करू शकतो, पण दोन अटी आहेत. गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र असून अजामीनपात्रही हवा. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. बेदरकार गाडी चालवणं दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं न्याय संहितेचं कलम १०६ (१) सुद्धा जामीनपात्रच आहे. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद असलेलं त्याचं दुसरं पोटकलम मालमोटार चालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवलं गेलं, नवे कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले तेव्हा ते लागू झालं नाही. म्हणजे तुम्ही सांगता त्या प्रसंगात नागरिकाच्या अटकेचा अधिकार तुम्हाला नव्हता. गाडी बंद पडून पोरगा आयताच थांबला असता तर चार माणसांनी तिथे थांबणं, ११२ ला फोन करणं, त्याला मारहाण होऊ न देणं, इतकं करायला काहीच हरकत नव्हती. अशा वेळी तुम्ही गर्दीच्या मागे राहा. कमरेला शस्त्र असलेला माणूस झटापटीत पुढे असला की शस्त्र कोणाच्याही हाती जाऊ शकतं.

मारहाणीचं मुद्दाम लिहितो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा लोकांनी त्याला तिथेच धरून चोपलं. पुढे त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. त्या सगळ्या गदारोळात उपयोगी पडलं ते मुलगा आधी गेला होता त्या पबमधलं सीसीटीव्ही चित्रीकरण, तिथली बिलं आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब. जिथे समोरची बाजू वजनदार असते तिथे पहिल्या काही तासांत गोळा झालेला पुरावाच टिकतो. तुमच्या प्रकरणात तो पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः आहात. नंबर वाचून लक्षात ठेवणारा, वेळ, दिशा, अंतर अचूक सांगू शकणारा निवृत्त फौजी साक्षीदार म्हणून मिळाला तर सरकारी वकील देवाचे आभार मानेल.

म्हणून महिना गेला असला तरी आजच हे लिहून काढा : तारीख, वेळ, नंबर, गाडी कितीदा आली-गेली, चालकाचा चेहरा किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात दिसला, शेजारी कोण होतं. ऐकीव काही घालू नका. मग पोलीस ठाण्यात जा. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि नोंदीची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. नुसत्या एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण करू लागले तर ऐकू नका, पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तरी काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा आधीच नोंदला असेल तर साक्षीदार म्हणून जबाब द्या. साठ वर्षांवरच्या साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात खेटे घालायला लावता येत नाहीत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांनी तुमच्या घरी यायचं असतं. त्या जबाबावर सहीही करायची नसते. कोणी सही मागितली तर नम्रपणे नकार द्या.

भाजीवाल्या मावशींना एक निरोप द्या. हातगाड्याच्या आणि मालाच्या नुकसानीसाठी त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात, मात्र अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गाडीचा नंबर आणि पोलीस कागद नसतील तर हा दावा उभा करणं अवघड जातं. तुमची साक्ष त्यांच्याही कामाची आहे.

राहिला परवाना. साक्षीदार झाल्याबद्दल परवाना रद्द करता येत नाही. रद्द किंवा निलंबित करायला शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ मधली कारणं लागतात, कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्यावर अपीलही आहे. खरा धोका वेगळा आहे. अशा प्रकरणांत समोरचे क्रॉस केस करतात : ‘म्हाताऱ्याने पोरावर पिस्तूल रोखलं.’ तुमचा हात कमरेकडे गेला होता, ते कोणीतरी पाहिलं असेल. म्हणून तुम्हीच आधी खरं ते सांगा. शस्त्र जवळ होतं, परवाना हा, म्यानातून काढलं नाही, हे जबाबात स्वतःहून येऊ द्या. गल्लीतल्या ज्या ज्या घरांवर कॅमेरे आहेत त्यांना चित्रीकरण जपून ठेवायची लेखी विनंती करा. बरेच रेकॉर्डर ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात, महिना उलटल्यावर काही पुसलंही गेलं असेल. उरलेल्या एखाद्या कॅमेऱ्यात तुमचं रिव्हॉल्व्हर म्यानातच दिसलं, तर उलट तक्रार तिथेच निकाली निघते. साक्ष बदलायला कोणी धमकावलं तर तो न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. फोन आला तर वेळ आणि नंबर टिपून लगेच ठाण्यात कळवा. आणि या दिवसांत शस्त्र घेऊन त्या पोराच्या दारावरून जाऊ नका, वाट वाकडी झाली तरी चालेल.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत अटलांटाजवळ एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. त्यांच्या वसाहतीत रात्री टोळकी बेफाम गाड्या पळवतात. शेजारच्या काही जणांनी बंदुका घेऊन पहारा सुरू केला आहे. एका मित्राने पिस्तूल घेतलं, आता हाही घेणार म्हणतो. आम्हाला धास्ती वाटते. काय सांगावं?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्याला आजच फोन करा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत, पण त्या फटीतून गल्लीतल्या पहाऱ्यासाठी पिस्तूल घ्यायला जाऊ नये. २०२२ पासून या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. मित्राकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याचं गणित निराळं. तुमच्या मुलाने मित्राचं पिस्तूल थोडा वेळ सांभाळायला घेतलं तरी ‘बाळगलं’ असं धरलं जाऊ शकतं.

पहाऱ्यातही त्याने जाऊ नये. त्याच जॉर्जिया राज्यात ब्रन्सविकजवळ २३ फेब्रुवारी २०२० रोजी अहमॉड आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण रस्त्याने धावत चालला होता. तीन गोऱ्या रहिवाशांनी चोर समजून गाड्यांनी त्याचा पाठलाग केला, आणि त्यातल्या एकाने त्याला गोळी घातली. नागरिकाला अटकेचा हक्क आहे, असा त्यांचा बचाव होता. तो टिकला नाही. तिघेही २०२१ मध्ये खुनाचे दोषी ठरले, पुढे त्यांना जन्मठेप झाली. ज्या कायद्याचा ते आधार घेत होते तो १८६३ सालचा होता, आणि २०२१ मध्येच जॉर्जियाने तो रद्द केला. दुकानदार वगैरेंना मर्यादित अधिकार राहिले, वसाहतीतल्या शेजाऱ्यांना नाही. पहारेकऱ्यांच्या चुकीची किंमत परक्या तोंडवळ्याचा माणूस आधी मोजतो, हेही मुलाला सांगा. बेफाम गाड्या पळवणारे दिसले की घरात राहून ९११ ला फोन करावा, गाडीचा रंग, नंबर आणि दिशा सांगावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका सभासदाचा सोळा वर्षांचा मुलगा आवारात गाडी जोरात पळवतो. परवा एक आजोबा थोडक्यात वाचले. ठाण्यात सांगितलं, ‘तुमचा रस्ता खासगी आहे, आम्हाला काही करता येत नाही.’ हे खरं का? आमच्याकडे सीसीटीव्ही आहे.
— सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पुणे

उत्तर : अर्धंच खरं. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे, आणि मोटार वाहन कायद्यातल्या ‘सार्वजनिक जागे’त तुमचं फाटकबंद आवार बसतं का यावर वाद होऊ शकतो. पण न्याय संहितेचं कलम १२५ जागेचं नावच घेत नाही. बेदरकार कृत्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, एवढं पुरतं. तक्रारीत त्याच कलमाचा उल्लेख करा. गाडी फाटकाबाहेर गेल्याचं एक जरी चित्रीकरण असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-क पालकांपर्यंत पोचतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सभासदाला ही तरतूद आधी लेखी कळवा. पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने गाडीची किल्ली पालकांच्या खिशात जाते.

चित्रीकरण पेनड्राइव्हवर टाकून नुसतं देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग यंत्रणा सांभाळणाऱ्याने, म्हणजे बहुधा तुम्हीच, भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिची डिजिटल ओळखखूण, दोन्हींत लिहावं लागतं. मूळ रेकॉर्डर जपून ठेवा. त्याचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे असेल तर तो फरक तक्रारीतच नमूद करा, नाहीतर उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो.